मदत हवी आहे: १९१८ चं सोन्याचं नाणं, उद्यापर्यंत ठरवायचंय

वेंगुर्ल्याचा_वारा:
मंडळी नमस्कार, अर्जंट आहे. ओळखीतून मुंबई टांकसाळीचं १९१८ चं सोन्याचं नाणं विकायला आलंय, मालवणातल्या एका जुन्या घरातलं. विकणारे काका म्हणतात ग्रेड एमएस ६५ आहे आणि सोन्याच्या भावाच्या दुपटीहून जास्त मागतायत. उद्या संध्याकाळच्या गाडीने ते मुंबईला परत चाललेत. घेऊ की नको एवढंच सांगा. म्युच्युअल फंडाचे सल्ले नकोत.

नाणेवेडा:
फोटो कुठाय? वजन किती? स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या सीलबंद डबीत आहे की सुटं? सुटं असेल तर ६५ ठरवलं कोणी?

जुना_गडी:
१९१८ आणि मुंबई म्हणजे गिनीच, इंग्रजांचं सॉव्हरिन. लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत तेवढ्यापुरतीच होती, गिनीवर मुंबईचं साल १९१८ सोडून दुसरं मिळतच नाही, तेव्हा मागची बाजू बघा, घोड्याखाली जमिनीची रेघ आहे तिच्यावर सालाच्या मध्याच्या बरोब्बर वर बारीक इंग्रजी आय असतो, तो नसेल तर मुंबईची नाहीच, मग पुढचं बोलायलाच नको.

वेंगुर्ल्याचा_वारा:
घोडा कुठून आला मध्येच? मागे पानांची माळ आहे आणि आत १५ रुपये लिहिलंय. सुटंच आहे, प्लास्टिकच्या पाकिटात. अहो घेऊ की नको?

जुना_गडी:
हे आधी सांगायचं ना राव! ही गिनी नव्हे, १५ रुपयांची मोहोर. लंडनहून साचे यायला उशीर झाला म्हणून आधी ही पाडली. तेव्हा एका गिनीला १५ रुपये हा सरकारी दर, त्यामुळे वजन-कस तोच: ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट. शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम.

आडारीकर:
रे बाबा, आधी सोनाराक दाखव, मगे इंटरनेटार इचार.

प्रयोगशाळा:
सोनारसुद्धा कसोटीवर घासून नाण्याची वाट लावेल. घरीच करा. बारीक वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडा, तळाला टेकवू नका. काटा साधारण ०.४५ ग्रॅम दाखवेल. बराच जास्त दाखवला तर सोन्यात भेसळ. विषय संपला.

नाणेवेडा:
विषय कसला संपतोय? गिनीच्या नकला लेबनॉनमध्ये पुऱ्या सोन्याच्या बनत होत्या, पाण्यात त्या पासच होणार. आणि ते काका सोन्याचे नाही, ग्रेडचे पैसे मागतायत. एमएस म्हणजे चलनात न फिरलेलं, ६० ते ७०. राजाचा मुकुट, कान आणि गळ्यातल्या हारातला हत्ती भिंगातून बघा, झीज आधी तिथे दिसते. दिव्याखाली नाणं तिरपं फिरवा. खरं लस्टर, म्हणजे टांकसाळीतली मूळ झळाळी असेल तर चमक गोल फिरते. ब्रासो मारलेलं नुसतंच झगझगतं आणि जवळून बारीक ओरखडे दिसतात.

प्रयोगशाळा:
मी सोनं खरं आहे का ते सांगितलं. ग्रेड म्हणजे प्रत्येकाचा चष्मा.

शिरोडा_बीच:
मग अमेरिकेत पाठवून ग्रेड करून घ्या की, भाचा आहे माझा तिकडे.

नाणेवेडा:
नको! शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरतात, असं देशाबाहेर पाठवता येत नाही. भाच्याला कशाला अडकवताय.

गोडंबा:
आमच्या आजीच्या पुतळीच्या माळेतल्या पुतळ्या म्हणजे व्हेनिसची डुकॅट. साडेतीन ग्रॅमची, सोनं जवळजवळ शुद्ध. त्यावर गुडघे टेकून बसलेला माणूस तिथला डोज, म्हणजे निवडलेला प्रमुख, आजी मात्र रामसीता म्हणायची. आता तशा पुतळ्या मशीनवर पाडतात, पत्र्यासारख्या.

आडारीकर:
गोडंबा, ती माळ खय हा आता? 😄

नाणेवेडा:
धागा भरकटला. वेंगुर्लेकर, माळेत ओवायला कडी लावली होती का ते बघितलंत? कोकणात अशी नाणी बहुतेक गळ्यातच असायची. राजाच्या डोक्यावर, कडेला, बघा.

वेंगुर्ल्याचा_वारा:
आत्ता काकांकडेच आहे. वजन ७.९८. पाण्यातलं बरोबर आलं. डोक्यावर कडेच्या खाचा बोटभर नाही पण दोन-तीन दातांएवढ्या बुजल्यात, तिथे रंग जरा पिवळट फिक्का आहे. काका म्हणतात टांकसाळीतूनच तसं आलं.

जुना_गडी:
टांकसाळीतून डाख लागून येतो होय! कडी काढून घासलंय. एवढ्यावर ६५ काय, कुठलाच आकडा मिळत नाही, स्लॅबवर नुसतं डिटेल्स, म्हणजे खरं पण खराब केलेलं, असं लिहून येतं.

प्रयोगशाळा:
पण सोनं खरं निघालं की नाही?

नाणेवेडा:
हो बाबा, निघालं. वेंगुर्लेकर, आजच्या २२ कॅरेटच्या भावाने ७.९८ ग्रॅमचे जे होतील ते, वर थोडे. तयार नसतील तर जाऊ दे गाडीने. आणि घेतलंत तर त्या मऊ पीव्हीसी पाकिटातून काढा, त्याचा हिरवट चिकटा नाण्यावर उतरतो. कॅप्सूल मागवा.

वेंगुर्ल्याचा_वारा:
भावापेक्षा थोडे जास्त म्हटल्यावर काका चहा न घेताच उठले. बाहेर अजून चप्पल घालतायत.

शिरोडा_बीच:
पाच मिनिटं थांबा, परत येतील.

नवा_सभासद_कुडाळ:
माझ्याकडे वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे, किती लाख मिळतील? कृपया लवकर सांगा.

नाणेवेडा:
५ रुपये.