मेडिकल बोर्डाने नाकारलेल्या डिसॅबिलिटी पेन्शनसाठी ट्रिब्युनलला जावं का?

माणदेशी_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा फौजेत २४ वर्षं नोकरी करून २०१८ ला हवालदार म्हणून रिटायर झाले. जाताना मेडिकल बोर्डाने बीपीमुळे ३० टक्के अपंगत्व, कायमचं असं धरलं, पण खाली लिहिलं की नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीने वाढलेलंही नाही, झालं, पेन्शन नामंजूर. कारण काय तर बीपी पीस स्टेशनला (शांत भागातल्या पोस्टिंगला) असताना निघालं. अहो त्याआधी दोनदा फील्ड (खडतर भागातली पोस्टिंग) काढलीय त्याचं काय?? अपील केलं तर चार ओळींचं पत्र आलं, फेटाळलं. आता ट्रिब्युनलचं (फौजेच्या केसेसचं कोर्ट) म्हटलं की अण्णा म्हणतात ज्या फौजेचं मीठ खाल्लं तिच्यावर केस करू होय. उशीर पण झालाय बहुतेक.

सुभेदार_रिटायर्ड:
मी पण असाच मीठ मीठ करत चार वर्षं घालवली. पहिल्यांदा बोर्डाच्या प्रोसीडिंगची पूर्ण कॉपी रेकॉर्ड ऑफिसकडे माग, नाही दिली तर आरटीआय टाक. नोकरीमुळे नाही, नोकरीने वाढलेलंही नाही हे बोर्डाने जे इंग्रजीत लिहिलंय (neither attributable nor aggravated) त्याची आद्याक्षरं जोडली की ‘नाना’ होतं, आमच्यात म्हणायचे याच्या फाईलला नाना चिकटला 😀 माझ्या कागदात नानाच्या पुढं कारण म्हणून एक अक्षर नव्हतं, तिथंच केस फिरली.

वकीलीण_पुणे:
सुभेदार साहेब बरोबर बोलतायत. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल वाचा. तो जवान १९८५ ला भरती झाला, १९९४ ला आकडीच्या आजारामुळे २० टक्के दाखवून घरी पाठवला. कोर्ट म्हणालं भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच आला असं धरायचं, आणि तेव्हा ओळखता येण्यासारखा नव्हता असं बोर्डाला म्हणायचं असेल तर कारण लिहावं लागतं. जिंकलात तर २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे अपंगत्व ३० ऐवजी ५० टक्के धरतात. मुदत अपील फेटाळल्यापासून ६ महिने, पण पेन्शनचं नुकसान दर महिन्याला चालूच असतं म्हणून उशीर माफ होऊ शकतो, फक्त मागची थकबाकी सहसा अर्जाआधीच्या ३ वर्षांचीच मिळते (सुप्रीम कोर्टाचा तरसेम सिंग निकाल, २००८). म्हणजे जितकं थांबाल तितके पैसे बुडाले. महाराष्ट्राचं काम ट्रिब्युनलच्या मुंबई बेंचकडे.

कोल्हापुरी_०७:
सरसकट सगळ्यांना मिळतं असं समजू नका. २०१९ ला नरसिंग यादव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जवानाच्या विरोधात निकाल दिलाय, तो मानसिक आजार होता, बोर्डाचं मत मानलं. आणि ट्रिब्युनलला जिंकलं तरी सरकार पुढे हायकोर्टात जाऊ शकतं, तयारी ठेवा.

माणदेशी_पोरगा:
धन्यवाद सगळ्यांना. अण्णांना ते थकबाकीचं वाचून दाखवलं, बोलले काही नाहीत पण आत्ता ट्रंक उघडून बसलेत, ९४ चे भरतीचे कागद शोधतायत. आरटीआयचा अर्ज मराठीत चालतो का तेवढं सांगा.