प्रागचा शनिवार-रविवार: पुराच्या खुणा बघायच्यात, मदत हवी आहे

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. सध्या ड्रेस्डेनला पाणी-अभियांत्रिकी शिकतेय, पहिलंच सत्र. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने प्रागला जायचं आणि रविवारी रात्री परत यायचं असं मी आणि माझ्या रूममेटने ठरवलंय. माणशी शंभर युरोत सगळं बसवायचंय. व्हिसासाठी बँकेत अडकवलेल्या खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातलं भाडं आणि विमा गेल्यावर काय उरतं ते इथल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

यूट्यूबवर 'प्राग दोन दिवसांत' छापाचे व्हिडिओ ढिगाने आहेत. मला हवंय ते त्यात सापडेना. २००२च्या ऑगस्टमध्ये व्हल्टावा नदीला जो पूर आला तो १४ तारखेला प्रागमध्ये शिगेला पोचला, आणि तेच पाणी एल्बे नदीतून येत १७ तारखेला ड्रेस्डेनला ९.४० मीटरवर गेलं. वर्गात सरांनी हा आलेख लावला तेव्हा मला घरचंच आठवलं. २०१९ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही नऊ जण दुसऱ्या मजल्यावर होतो आणि खाली किराणा दुकान बुडालेलं. तर त्या पुराचं प्रागमध्ये आज काय दिसतं? कुठे जाऊन बघायचं?

शिवाय रूममेट नाशिकची, अंडंही खात नाही. आणि पासपोर्ट न्यावाच लागतो की निवास परवान्याचं कार्ड चालेल? हरवण्याची भीती वाटते. यहुदी वस्ती शनिवारी दुपारी करू म्हणतोय.

घरकोंबडा
पूर बघायला प्रागला? सांगलीत कमी बघितला का? :)

कृष्णाकाठची
बघितला तेव्हा बादल्या उचलत होते ओ. नीट बघायचा राहिलाच.

व्हल्टावातीर
प्रागमध्ये नऊ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे बेत उलटा कर. शनिवारी सब्बाथ असतो, यहुदी संग्रहालयाची सगळी ठिकाणं बंद. ती रविवारी सकाळी ठेव. त्यातलं पिंकास सिनेगॉग चुकवू नकोस. तिथे भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार माणसांची नावं हाताने लिहिली आहेत.

आता तुझा पूर. चार्ल्स पूल जुन्या शहराच्या बाजूने सुरू होतो तिथे नदीकाठच्या भिंतीत एक दगडी दाढीवाला चेहरा आहे, त्याला ब्रादाच म्हणतात. हे गावाचं जुनं पूरमापक. पाणी दाढीला लागलं की रस्त्यात येणार, टकलावरून गेलं की जुन्या शहराच्या चौकात पोचणार, असा हिशोब. तुमच्याकडे आयर्विनवरचे फूट मोजतात तसंच. भाबडे पर्यटक त्याच्या डोक्यावरून चालत जातात आणि पुतळ्यांचे फोटो काढतात.

पूल १३५७चा, ५१६ मीटर. पण १८९०च्या पुरात वाहून आलेले ओंडके अडकले आणि त्याच्या तीन कमानी कोसळल्या. म्हणजे तू बघशील तो सगळा काही चौदाव्या शतकातला नव्हे. सूर्योदयाला जा. दहानंतर तिथे दादरचा पूल होतो.

पलीकडे उतरलीस की काम्पा बेट. २००२ला जुनं शहर तात्पुरत्या अडसरांनी वाचलं. काम्पा आणि कार्लीन ही वस्ती बुडाली, मेट्रोत पाणी शिरलं आणि काही स्थानकं महिनोन्महिने बंद राहिली. काम्पाच्या घरांवर पाण्याच्या उंचीच्या पट्ट्या शोध. नदीकाठच्या भिंतीत मध्ये मध्ये मोकळ्या जागा आणि खाचा दिसतील. इशारा आला की तिथे खांब रोवून धातूच्या फळ्या रचतात. २०१३च्या पुरात त्यांनी शहराचा मध्यभाग राखला. तुझ्या सरांना आवडेल.

आणि गॅस्टन! प्राग प्राणिसंग्रहालयातला हा समुद्रसिंह २००२च्या पुरात निसटला आणि पोहत पोहत ड्रेस्डेनवरून पुढे विटेनबर्गजवळ सापडला. बिचारा परत आणताना गेला. त्याचा पुतळा आहे तिथे, पण प्राणिसंग्रहालयाला अख्खा दिवस लागतो, तेव्हा या खेपेला सोडून दे.

पासपोर्ट मूळ प्रत, कार्डही मूळ. दोन्ही. परतताना सीमेजवळच्या बाड शांडाउच्या आसपास जर्मन पोलीस डब्यात चढतात आणि मोबाईलमधल्या फोटोवर त्यांचं समाधान होत नाही. प्रागला येताना डावीकडच्या खिडकीशी बसा, नदी त्याच बाजूला आहे.

पोटोबा
रूममेटसाठी: तळलेलं चीज सगळे शाकाहारी म्हणून सुचवतील. त्याच्या आवरणात अंडं असतं. बटाट्याच्या ब्राम्बोराकमध्येही असतं. लसणाचं सूप मागवलंत तर खाली हॅमचे तुकडे निघतील. हॉटेलात 'बेझ मासा' म्हणा. मासा ऐकून दचकू नका, तो आपल्या 'मांस'चाच लांबचा भाऊ, म्हणजे मांसाशिवाय. फक्त मासळीला ते मांसात धरत नाहीत, म्हणून 'बेझ रिब' हेही जोडा. नाहीतर ताटात खरंच मासा येईल!

खरं सांगू? थेपले न्या. दुकानातले रोहलीक नावाचे लांबट पाव स्वस्त मिळतात, दही घ्या, एक वेळ भागते. वजनावर ताट भरायच्या शाकाहारी खानावळीही आहेत, दुसरी वेळ तिथे.

नोटमोज्या
चौकातल्या पैसे बदलण्याच्या दुकानांत शिरू नका. चुकून बदललेच तर पावती सांभाळा. २०१९पासून तीन तासांत व्यवहार रद्द करून पैसे परत मागता येतात, बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. मी स्वतः एकदा गंडलो आणि तिकीट तपासनिसाशी भांडत बसल्यामुळे ते तीन तास हुकले. पैसे काढायच्या यंत्रावर 'युरोत की कोरुनात' (कोरुना म्हणजे इथलं चलन) विचारलं तर कोरुना. ट्राममध्ये कार्ड टेकवून तिकीट मिळतं. कागदी असेल तर पहिल्या प्रवासात शिक्का मारायचा, मी तोच विसरलो होतो.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. गाडीत डावीकडच्या दोन जागा राखल्या. यहुदी वस्ती रविवारी हलवली. आता शनिवारी सकाळ काम्पा, दुपारी किल्ला (तिथलं सेंट व्हायटस चर्च १३४४ला सुरू होऊन १९२९ला पुरं झालं म्हणे, आमचा आयर्विनही १९२९चाच!). थेपल्यांची जबाबदारी रूममेटने घेतलीय.

व्हल्टावातीरकाका, एकच राहिलं: ब्रादाचचा नीट फोटो पुलावरून येतो की खाली पाण्याजवळ उतरावं लागतं?

व्हल्टावातीर
पुलावरून वाकून बघता येतो, पण टक्कलच दिसतं. दाढीसाठी बोटींच्या धक्क्याकडून जा. आणि काका नको गं, मी चौतीसचा आहे.