मोठ्या शहरात चार दिवस एकटीच राहायचंय: रात्रीचं पोचणं, टॅक्सी, हॉटेल... काय काय बघू?

नवीवाट

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

ऑफिस पुढच्या महिन्यात चार दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवतंय. शहर मोठं, मी कधीच न पाहिलेलं, ओळखीचं एकही माणूस नाही. वय २४. आत्तापर्यंत जिथे गेले तिथे कुणी ना कुणी बरोबर होतंच. गाडी रात्री ११.४० ला पोचते. हॉटेल माझं मलाच शोधायचंय.

आईने मामेभावाला सोबत धाडायचा घाट घातलाय. तो बिचारा रजा काढून येईलही. पण मला एकटीने जायचंय. आत्ता नाही गेले तर पुढच्या वेळीही हेच होणार.

शोधलं तर सगळीकडे तेच: सावध राहा, अंधारात फिरू नका, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. पण अनोळखी शहरात सगळेच अनोळखी, मग वाट तरी कुणाला विचारायची? मला नेमकं सांगा, गाडीतून उतरल्यापासून खोलीचं दार लावेपर्यंत काय करायचं. आणि पेपर स्प्रे घ्यावा का?

कस्तुरी

आधी ते तिकीट बदल. पहिल्यांदा जातेयस ना, मग दुपारी पोचणारी गाडी घे, एक दिवस आधी निघावं लागलं तरी चालेल. उजेडात एकदा हॉटेलच्या आजूबाजूला चालून आलीस की रात्री तोच रस्ता अर्धा ओळखीचा वाटतो. मी पहिल्या वेळी मध्यरात्री पोचले होते. काही झालं नाही, पण पुढचे दोन दिवस मी त्या शहराला घाबरूनच काढले.

स्पॅनर

कस्तुरीला अनुमोदन. तिकिटाचं आजच बघ.

मी हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करते. ११ वर्षं झाली, महिन्यातले दहा-बारा दिवस कुठल्यातरी शहरात एकटीच असते. यंत्र काही वेळ बघून बंद पडत नाही, त्यामुळे रात्री-अपरात्री पोचणं मला चुकत नाही. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आपल्याला सगळे अंधाराची भीती घालतात. पण मी जेव्हा जेव्हा अडचणीत आले, तेव्हा आधी कुठेतरी मला भीड पडलेली होती. कसं नाही म्हणू, बरं दिसणार नाही, समोरच्याला वाईट वाटेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते प्रवासात शंभर टक्के खरं आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉटेल चांगलं होतं, दारात रखवालदार, लॉबीत लख्ख दिवे. काउंटरवरच्या मुलाने खोली उघडायचं कार्ड हातात देताना मोठ्याने सांगितलं, "मॅडम, चारशे बारा, चौथा मजला." माझ्या मागे तीन-चार माणसं उभी होती. मनात आलं, दुसरी खोली मागावी. पण तो मुलगा दमलेला दिसत होता, मागची माणसं ताटकळली होती, मी काही बोलले नाही. वर गेले तर दाराच्या साखळीचा एक स्क्रू निघालेला. तेही पाहिलं आणि गप्प बसले. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, कुठे पुन्हा खाली जा.

पावणेदोनला कुलपाचा बारीक आवाज झाला आणि हँडल खाली गेलं. म्हणजे बाहेरच्या माणसाकडे कार्ड होतं. दार बोटभर आत आलं आणि अडलं, कारण खाली मी रबरी पाचर ठोकून ठेवली होती. कॉरिडॉरमधला पिवळा उजेड त्या फटीतून फरशीवर आला, एक सरळ रेघ. मी पलंगावर बसून नुसती ती रेघ बघत होते. घशातून आवाज यायला किती वेळ लागला सांगता येत नाही. मग ओरडले, "कोण आहे? पोलिसांना फोन लावलाय!" दार मिटलं, पावलं लिफ्टकडे गेली. रिसेप्शनचं म्हणणं, दुसऱ्या पाहुण्याला चुकून माझ्या खोलीचं कार्ड दिलं गेलं. असेलही चूक. दार मात्र उघडलं होतं.

त्या रात्रीपासून मी खोलीचा नंबर कुणी मोठ्याने बोललं की तिथल्या तिथे सांगते: ही खोली नको, दुसरी द्या आणि नंबर कागदावर लिहून द्या. वर गेल्यावर बॅग उघडण्याआधी दार तपासते. आतली कडी बसते का, साखळी पक्की आहे का, शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार आहे का आणि असलं तर त्याला कडी आहे का, खिडकी लागते का. एक जरी गोष्ट नीट नसली तर खाली जाऊन खोली बदलून घेते. यात दहा मिनिटं जातात, समोरच्याचं तोंड वाकडं होतं, होऊ दे.

पाचरीबद्दल थोडं. खालून खडबडीत रबर असलेलीच घे, गुळगुळीत फरशीवर प्लॅस्टिकची सरकते. हँडलच्या बाजूला लाव, बिजागरीच्या बाजूला लावून उपयोग नाही. आणि ती फक्त आत उघडणाऱ्या दाराला चालते. घरी दोन-चारदा लावून-काढून बघ. आग लागली तर अंधारात, धुरातही पायाने उडवता आली पाहिजे.

आता टॅक्सी. अ‍ॅपवरून बोलावलीस तर नंबरप्लेट जुळल्याशिवाय दाराला हात लावू नकोस. आपलं नाव आपण सांगायचं नाही. "कुणाला घ्यायला आलात?" असं विचार, त्याने तुझं नाव सांगितलं पाहिजे. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं, ते लावलेलं असलं की दार आतून उघडत नाही. त्याचा खटका दाराच्या कडेला असतो, दार उघडं असतानाच दिसतो. बसण्याआधी एक नजर टाक. कळलं नाही तर बसल्यावर काच अर्धी खाली घे. चाइल्ड लॉक असलं तरी हात बाहेर काढून बाहेरच्या हँडलने दार उघडता येतं, फक्त गाडीचं सेंट्रल लॉक उघडं हवं. आणि निघताना फोनवर मोठ्याने बोल: बसले, गाडीचा नंबर अमुक, अर्ध्या तासात पोचते. पलीकडे कुणी नसलं तरी बोल. ड्रायव्हर भला असेल तर त्याचं काही बिघडत नाही, आणि बहुतेक भलेच असतात हेही मी ११ वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

वाट कुणाला विचारायची, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. उत्तर असं की माणूस तू निवड. मूल बरोबर असलेली बाई, दुकानाच्या काउंटरमागचा माणूस, गणवेशातला कर्मचारी. तू शंभरातून निवडलेला अनोळखी माणूस वाईट निघण्याची शक्यता फार कमी. जो आपणहून जवळ येतो, न मागता बॅग उचलतो, "नको" म्हटल्यावरही सोडत नाही, त्याच्यापासून दूर हो. एकदाच सांगायचं: "नको." धन्यवाद नाही, कारण नाही, हसणं नाही. कारण सांगितलंस की तो कारणावर वाद घालतो. हे "नको" आरशासमोर उभं राहून म्हणून बघ. पहिल्या काही वेळा शेवटी हसू येतंच, आपल्याला लहानपणापासून तसंच वळण लावलेलं असतं.

आणि खरंच मदत लागली तर नुसतं "वाचवा" ओरडू नकोस. गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी जाईल. एकाकडे बोट दाखव: "निळा शर्टवाले दादा, इकडे या, हा माणूस माझ्या मागे लागलाय."

पेपर स्प्रेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कुठे कायद्याने चालतो, कुठे नाही, विमानात हातातल्या सामानात तर चालतच नाही. वारा उलटा असला की आपल्याच डोळ्यांत येतो. आणि वेळ येते तेव्हा तो बॅगेच्या तळाशी असतो. घ्यायचाच असेल तर हातात धरून, खिशातून काढून सराव कर. नसेल करायचा तर एक मोठ्या आवाजाची शिट्टी गळ्यात ठेव.

रातपाळी

मी हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळी करतो, त्यामुळे काउंटरच्या पलीकडून थोडं सांगतो. स्पॅनर यांनी जे लिहिलंय तसं कार्ड चुकून दिलं जाणं घडतं, हे मान्य करायला मला लाज वाटते, पण घडतं.

नवीवाट, बुकिंग केल्यावर एकदा फोन करा. एकटी आहात हे सांगायची गरज नाही. "तळमजला नको, लिफ्टजवळची खोली हवी" एवढं सांगा. तळमजल्याच्या खिडक्या बाहेरून पोचण्यासारख्या असतात. फार वरचा मजलाही मागू नका, आगीच्या वेळी जिन्याने उतरायचं असतं. खोलीत गेलात की दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात ती मोजून ठेवा.

रात्री खोलीतल्या फोनवर कुणी "रिसेप्शनवरून बोलतोय, तुमच्या क्रेडिट कार्डचा नंबर पुन्हा द्या" म्हणालं तर फोन ठेवा आणि स्वतः रिसेप्शनला लावा. ही जुनी फसवणूक आहे. दारावर कुणी "मेंटेनन्स" म्हणून आलं तरी तसंच. आमचा माणूस असेल तर दोन मिनिटं बाहेर थांबेल, त्याला त्याचं काही वाटत नाही.

लिफ्टमध्ये बटणांजवळ उभ्या राहा. कुणी तुमच्याच मजल्यावर मागोमाग उतरलं आणि मनाला पटलं नाही, तर खोलीकडे जाऊ नका. परत लिफ्टने खाली या आणि आम्हाला सांगा. मी अशा वेळी किती जणींना खोलीपर्यंत सोडून आलोय. एकीनेही उगाच त्रास दिला असं मला वाटलेलं नाही.

नवीवाट

सगळ्यांचे खूप आभार. तिकीट बदललं! आता दुपारी २.१० ला पोचते.

स्पॅनरताई, फोनबद्दल सांगाल का? आईला चारही दिवस माझं लोकेशन दिसायला हवंय. मला ते नको वाटतंय, पण तिचा जीव टांगणीला लागेल हेही कळतं. आणि चार्जिंग संपलं तर?

स्पॅनर

आईशी वेळा ठरव. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं. टॅक्सीत बसलीस की एक तासाचं दे, खोलीत पोचलीस की बंद कर आणि "पोचले" असा मेसेज टाक. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास मेसेज नाही आला तर आईने आधी तुला, मग हॉटेलला फोन करायचा, तिथेही पत्ता लागला नाही तर पोलिसांना. हॉटेलचा नंबर तिच्याकडे लिहून दे. दिवसभर स्क्रीनवरचा ठिपका बघत बसण्यापेक्षा आईला हे बरं वाटतं. माझ्या आईला वाटलं.

फोनमधलं एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायची सोय, आजच चालू करून ठेव. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की चालू होतं. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरायचं. पण आधी सेटिंगमध्ये जाऊन कुणाला कळवायचं ते भरावं लागतं, ते बहुतेक जणी भरतच नाहीत. ११२ लक्षात ठेव. जीएसएम या मोबाईल यंत्रणेच्या रचनेतच हा आपत्कालीन नंबर आहे, त्यामुळे बहुतेक देशांत तो तिथल्या मदतसेवेला जोडला जातो. स्क्रीन लॉक असली तरी लागतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी आसपास दुसऱ्या कंपनीची असली तर तिच्यावरून जाऊ शकतो.

चार्जिंग संपणार हे धरूनच चाल. शहराचा नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून घे. एका कागदावर हॉटेलचं नाव-पत्ता, आईचा नंबर आणि ऑफिसातल्या एका माणसाचा नंबर लिही. कागद बॅगेत नको, अंगावरच्या खिशात. थोडे पैसे आणि ओळखपत्राची प्रत त्याच खिशात. बॅग गेली तरी तू हॉटेलपर्यंत पोचली पाहिजेस. आणि बॅग कुणी ओढली तर सोडून दे, भांडू नकोस.

आणखी एक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढं सगळं करूनही काही वाईट झालंच, तर दोष करणाऱ्याचा. माझ्या त्या रात्रीनंतर मी कित्येक महिने स्वतःलाच विचारत होते की तेव्हाच का नाही बोलले. घरी सांगितलंही नाही, प्रवास बंद होईल म्हणून. तू सांग. काहीही झालं तरी कुणाला तरी सांग.

नवीवाट

ताई, शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ती पाचर कुठे मिळते ते विचार.

काल आणली. रात्री माझ्या खोलीच्या दाराला लावली आणि मामेभावाला बाहेरून जोर लावायला सांगितलं. पहिल्यांदा दार सरळ उघडलं, कारण मी पाचर बिजागरीकडे लावली होती. दुसऱ्यांदा हँडलच्या बाजूला लावली. त्याने खांदा लावून ढकललं, दार बोटभर हललं आणि तिथेच थांबलं. आई मागे उभी राहून बघत होती. आज सकाळी तिनेच त्याला सांगितलं, रजा टाकू नकोस.