समाधान आणि पुढची धाव, दोन्ही एकाच पत्रात

श्रद्धेतून समाधान मिळालं की माणूस आहे तिथेच थांबतो, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बायबलच्या नव्या करारातलं, ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचं फिलिप्पैकरांस पत्र (फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं) बघा. ते त्याने कैदेतून लिहिलं. विपुलता असो वा टंचाई, दोन्हींत समाधानी राहायला मी शिकलो आहे, असं तो चौथ्या अध्यायात सांगतो, आणि ते बळ ख्रिस्ताकडून येतं म्हणतो. (ख्रिस्ताच्या बळाने मी सर्व काही करू शकतो, हे ४:१३ म्हणजे चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन पुष्कळदा यशाची हमी म्हणून सांगितलं जातं, पण आधीच्याच ओळीत भूक आहे, ती गाळून कसं चालेल?) हाच माणूस तिसऱ्या अध्यायात म्हणतो की मी अजून पूर्ण झालेलो नाही, पुढे धावतो आहे. परिस्थितीबद्दल कुरकुर नाही, पण ख्रिस्तासारखं होण्याची ओढ तशीच.

शिवाय समाधानी माणसाला दुःख होत नाही असंही नाही. पौलाचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारात होता. तो गेला असता तर दुःखावर दुःख झालं असतं, हे पौल मोकळेपणाने लिहितो. मला याचा फार आधार वाटतो. प्रार्थनेत रडता येतं, देवापुढे खंबीर दिसावं लागत नाही.

चारच अध्याय आहेत, एका बैठकीत सलग वाचा.