पुन्हा: पुन्हा: दहावीच्या मुलीसाठी लेखनिक, तातडीचं (याच मेलवर उत्तर द्या, नवीन विषय काढू नका)

प्रेषक: सचिव
मंगळवार, रात्री १०:५२

मंडळी,
घाटंजीहून (यवतमाळ जिल्हा) शाळेच्या सरांचा फोन येऊन गेला. दहावीतल्या एका मुलीचा हात मोडलाय. प्लास्टर उजव्याच हाताला आहे आणि मराठीचा पेपर पुढच्या शुक्रवारी. शाळेने पाठवलेला अर्ज परत आला. कारणं दोन. डॉक्टरच्या कागदावर नुसतं "सहा आठवडे विश्रांती" आहे, आणि लेखनिक म्हणून, म्हणजे ती सांगेल ते लिहून घ्यायला, जिचं नाव दिलं ती मामेबहीण अकरावीत शिकते. नवा अर्ज या शुक्रवारपर्यंत अमरावतीला, विभागीय मंडळात पोचायला हवा.
मुलीचं नाव, गाव, फोटो इथे कोणीही टाकायचा नाही. सायकलींच्या वेळी झालं तेवढं पुरे.

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, रात्री ११:२०

मुलींना परीक्षा केंद्रावर ने-आण करायच्या गाडीचा विषय निघणारच आहे, म्हणून आधीच लिहितो. स्वेटर निधीत शिल्लक आहे, पण लोकांनी ती स्वेटरांसाठी दिली आहे. सामान्य निधीतून द्यायचं तर समितीतले तीन होकार लेखी लागतील. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे जाणार नाहीत. हे मी चौथ्यांदा लिहितोय.

प्रेषक: रेडिंगची वहिनी
बुधवार, सकाळी ७:०५

इकडे इंग्लंडच्या शाळांत याचे दोन वेगळे कप्पे असतात. लेखनिक, पंचवीस टक्के जास्त वेळ, वेगळी खोली ही सोय परीक्षेच्या आधी मागायची. परीक्षेच्या दिवशीच काही घडलं तर नंतर जेसीक्यूच्या (इकडच्या परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेच्या) नियमाने गुणांत थोडी भर मिळते. नुकतेच आई-वडील गेले असतील तर जास्तीत जास्त ५ टक्के, नुकतंच हाड मोडलं असेल तर ३, डोकं दुखत असेल तर १. आधीची सोय मिळाली असेल तर त्याच कारणासाठी नंतरचे टक्के सहसा मिळत नाहीत. आपण बोर्डाला पत्र लिहून निदान ते ३ टक्के मागावेत, आणि पंचवीस टक्के वेळही. पत्राचा मसुदा मी करते.

प्रेषक: अकोल्याचे भाऊ (एप्रिलपर्यंत स्लाउला)
बुधवार, सकाळी ८:३१

वहिनी, इंग्लंडचे टक्के महाराष्ट्रात लागू होत नाहीत. राज्य मंडळात आजाराचे किंवा दुःखाचे गुण नाहीत. पत्र लिहून मिळणारही नाहीत, आणि त्या पत्रापायी दोन दिवस जातील.

वेळेचा हिशोब टक्क्यांत नाही, तासाला वीस मिनिटं असा आहे. भाषेचा पेपर ८० गुणांचा, ३ तासांचा, म्हणजे १ तास जास्त. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रांचे भाग ४० गुणांचे, २ तासांचे, म्हणजे ४० मिनिटं जास्त. तिचे नऊ पेपर धरले तर मूळ २१ तास आणि वर ७ तास. २०२३ पासून शेवटची १० मिनिटं सगळ्यांनाच मिळतात. प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देणं तेव्हाच बंद झालं. तेव्हा ११ ला सुरू झालेला भाषेचा पेपर तिचा ३:१० ला संपेल, बीजगणित-भूमितीचा १:५० ला. गाडी, बस, डबा सगळं या वेळेवर ठरवा.

पण ही वीस मिनिटं दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतींत येतात. हाड मोडलेलं पोर दिव्यांग नाही, ऐनवेळचं अपघाताचं प्रकरण आहे. म्हणून अर्जात दोन मागण्या दोन वेगळ्या वाक्यांत लिहा: लेखनिक मिळावा, तासाला २० मिनिटं मिळावीत. परवानगीपत्र हातात पडलं की दोन्हींचा उल्लेख आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. पत्रात वेळ नसली तर केंद्रसंचालक एक मिनिट देणार नाही, आणि त्याचं चूकही नाही.

लेखनिक खालच्या इयत्तेचाच. दहावीला नववी किंवा त्याखाली. अकरावीची बहीण, शिकवणीचे सर, बी.एड. झालेला मावसा, कुणीही चालत नाही. ज्याला उत्तर येते तो ऐकून लिहीत नाही, आपलं लिहितो.

अर्जासोबत मुख्याध्यापकांचं पत्र, प्रवेशपत्राची प्रत, वैद्यकीय प्रमाणपत्र, लेखनिकाचं बोनाफाईड, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह लेखनिकाचा फोटो, लेखनिकाच्या पालकांचं संमतीपत्र आणि "सांगितले तेवढेच लिहीन" असं हमीपत्र लावा. लेखनिकांची नावं दोन द्या. एकच नाव असलं आणि सहाव्या पेपरला त्या पोरीला ताप आला, तर पुन्हा परवानगी काढावी लागते, तीही सकाळी साडेदहाला.

प्रेषक: शिक्षण उपसमिती (ताई)
बुधवार, सकाळी ९:१०

शाळेशी बोलणं उपसमितीमार्फत व्हावं असं दिवाळीच्या बैठकीत ठरलं होतं. सचिवांनी परस्पर फोन घेतला ते ठीक, पण आता सरांना एकाच वेळी सहा जण फोन करतील. भाऊंची यादी मी एकत्र करून पाठवते. कृपया थांबा.

प्रेषक: अकोल्याचे भाऊ
बुधवार, सकाळी ९:१४

यादी सरांना गेली. आठ वाजताच.

प्रेषक: डॉक्टरकाका
बुधवार, दुपारी १:४०

क्ष-किरणाचा फोटो पाहिला. मनगटाजवळ, रेडियस या हाडाच्या खालच्या टोकाला मोडलंय. या वयात चार ते सहा आठवडे. प्लास्टर कोपराखाली असलं की बोटं मोकळी दिसतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, "पेन तर धरता येतो ना!" पेन धरता येईल. तीन तास दाबून लिहिता येणार नाही. बोटं सुजतील आणि हाड सरकू शकेल. पेपरासाठी प्लास्टर लवकर कापायची गोष्ट कोणी काढलीच तर तिथल्या तिथे थांबवा.

प्रमाणपत्रात निदान पुरत नाही, काम काय होत नाही ते लागतं. मजकूर असा घ्या: "उजव्या मनगटाचे हाड मोडले असून प्लास्टर घातले आहे. उजवा हात लिहिण्याचा हात आहे. दि. … पर्यंत या हाताने लिहिणे शक्य नाही." तारीख शेवटच्या पेपरच्या पुढची टाका. "सहा आठवडे" कधीपासून मोजायचे यावर तिथे वाद घालत बसू नका.

सही खासगी डॉक्टरची नको. ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, नाहीतर यवतमाळला जिल्हा शल्य चिकित्सक. जाताना क्ष-किरण फिल्म आणि पहिला केसपेपर सोबत ठेवा, नाहीतर पुन्हा फोटो काढायला लावतील आणि दिवस जाईल.

प्रेषक: मिल्टन कीन्सचा
बुधवार, दुपारी २:२२

सुप्रीम कोर्टाचा विकास कुमारचा निकाल आहे ना, फेब्रुवारी २०२१ चा? चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी लेखनिक नाकारता येत नाही. तो जोडून द्या. आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं तर वीस गुणांची सवलतसुद्धा मिळेल.

प्रेषक: डॉक्टरकाका
बुधवार, दुपारी २:४५

कार्ड नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकाळ टिकणारी अक्षमता हवी. सहा आठवड्यांत जुळणाऱ्या हाडाला ते प्रमाणपत्र कोणी देऊ नये, दिलं तर ते खोटं ठरेल.

प्रेषक: अकोल्याचे भाऊ
बुधवार, दुपारी ३:०२

त्या निकालातल्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत, कायमचा त्रास. त्यावरून केंद्राने १० ऑगस्ट २०२२ ला मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण निकाल जोडला की कारकून फाइल विधी विभागाकडे सरकवतो. साधा अर्ज त्याच दिवशी सुटतो, निकाल जोडलेला पंधरा दिवस फिरतो.

निकाल उपयोगी पडेल तो सरांच्या नववीतल्या त्या मुलाला. ज्याला तोंडी सगळं येतं आणि कागदावर चार ओळी होत नाहीत, तो. त्याची तपासणी आत्ता सुरू करा, दहावीचा फॉर्म भरायच्या आधी. कायद्याच्या कलम १७ मध्ये जास्त वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं लिहिलेलं आहे. फेब्रुवारीत धावपळ करून ते मिळत नाही.

प्रेषक: घाटंजीहून सर
बुधवार, रात्री ९:१५ (भारतातली वेळ)

नमस्कार. सगळ्यांचे मेल वाचले, ताईंचाही. वैद्यकीय अधीक्षक उद्या सकाळी भेटतात, मजकूर मी कागदावर लिहून नेतो.

अडचण लेखनिकाची आहे, पैशाची नाही. नववीत अक्षर चांगलं आणि हाताला वेग असलेल्या तीन पोरी आहेत. एकीच्या घरी हरभरा सोंगणीला आला आहे, बाप म्हणते नऊ दिवस पोरगी देत नाही. दुसरी तयार आहे, पण तिचं गाव उलट्या बाजूला. तिसरी हुशार आहे आणि तेच भेव आहे, ती मध्येच दुरुस्त करते. आठवीतली घेऊ काय?

मानव विकास योजनेची मुलींची बस केंद्रावरून २:४० ला निघते. भाषेच्या तीन पेपरांना ती चुकते. गणिताला बस मिळते.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, संध्याकाळी ५:३०

म्हणजे गाडी तीनच दिवस, नऊ नाही. नोंद घेतली. हरभरा सोंगणीची मजुरी भरून द्यायची ही कल्पना कोणी मांडण्याआधी सांगतो: लेखनिकाला किंवा तिच्या घरी पैसे दिलेले मला कागदावर दाखवता येणार नाहीत.

प्रेषक: रेडिंगची वहिनी
बुधवार, संध्याकाळी ६:१२

बाप सोंगणीला बसवतो ती मुलगी नकोच, मध्येच उठवून नेईल. आणि माझा तीन टक्क्यांचा मुद्दा तुम्ही फार पटकन उडवलात. मागच्या वर्षी त्याच शाळेत भूगोलाच्या आदल्या रात्री ज्याचे वडील गेले, त्या मुलासाठी बोर्डाकडे काहीच नव्हतं? इंटरमिजिएट चित्रकलेला अ श्रेणी मिळाली तर ७ गुण वाढतात. बाप गेला तर शून्य.

प्रेषक: अकोल्याचे भाऊ
बुधवार, संध्याकाळी ६:४०

शून्यच. चित्रकलेचे अ ला ७, ब ला ५, क ला ३, हे बरोबर. पेपर चुकला तर त्या पेपरासाठी फेरपरीक्षा नाही. जून-जुलैतली पुरवणी परीक्षा आहे. दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत बसता येतं. लेखी झाली आणि प्रात्यक्षिक किंवा तोंडी चुकली असेल तर आउट ऑफ टर्न (नंतर वेगळी) घेतात, पण शाळेने त्या मुदतीत स्वतः मागितलं तरच. शाळा तिथेच झोपतात. तुम्हाला पत्र लिहायचंच असेल तर ते मे महिन्यात लिहा, आणि वेगळ्या मेलवर.

सर, आठवीतली नको. करणीचं चिन्ह, कोनाचं चिन्ह, कंपासने त्रिकोण रचना हे नववीत हाताखालून गेलेलं असतं. दुसऱ्या मुलीचं नाव पहिलं टाका, तिसरीचं राखीव. हुशार पोरीला एकच सांगा: ओठ शिवून बसायचं. पर्यवेक्षक समोरच असतो. ती मान हलवून "नाही" म्हणाली तरी तो लिहून घेईल.

प्रेषक: शिक्षण उपसमिती (ताई)
बुधवार, रात्री ८:०५

सरावाबद्दल कोणी बोललंच नाही. परवानगी येण्याची वाट पाहू नका, उद्यापासून दोघींना समोरासमोर बसवा.

पहिला सराव मराठीचा, पूर्ण ३ तास. कृतिपत्रिकेत निम्मा वेळ चौकटी, ओघतक्ते, आकृतिबंध यांत जातो. "आधी चार चौकटी काढ, मग सांगते" असं बोलायची सवय लावा. प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा क्रमांक दर वेळी मोठ्याने, "प्रश्न एक, अ, दोन". सगळ्यात जास्त गुण इथे जातात: उत्तर बरोबर, क्रमांक चुकीचा. दर पानाच्या शेवटी लेखनिकाने दोन ओळी वाचून दाखवायच्या.

इंग्रजीला स्पेलिंग कोण ठरवणार हे आधी ठरवा. परीक्षार्थीने शब्द सांगायचा, अडला तर एकेक अक्षर. लेखनिकाने आपणहून सुधारायचं नाही.

भूमितीला "साधारण इथे" चालत नाही. "ओ केंद्र, ३.५ सेमी त्रिज्या, परिघावर पी, पी मधून स्पर्शिका" असं पायरीपायरीने. रोज दोन रचना. भूगोलाला भारताबरोबर ब्राझीलचा नकाशा येतो. ॲमेझॉन, मॅनॉस ही नावं लेखनिकाने एकदा तरी लिहून बघितलेली हवीत. नकाशा पुरवणीला बांधायला विसरू नका.

प्रेषक: घाटंजीहून सर
गुरुवार, संध्याकाळी ६:५० (भारतातली वेळ)

प्रमाणपत्र मिळालं, काकांचा मजकूर जसाच्या तसा. तारीख शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवसाची. उलट्या बाजूची मुलगी तयार आहे, आई-बापाची सही झाली. भाषेच्या पेपरांना ती केंद्राजवळ वर्गमैत्रिणीकडे मुक्काम करेल. अर्ज उद्या पहाटेच्या एसटीने मी स्वतः अमरावतीला नेतो. टपालाचा भरवसा नाही.

आज बीजगणिताचा सराव घेतला. दोन तासांचा पेपर दोन तास पंचवीसला सुटला. चाळीस मिनिटांत बसते.

सहीचं काय? हजेरीपटावर ती डाव्या हाताने करते, ती वेगळीच दिसते.

प्रेषक: अकोल्याचे भाऊ
गुरुवार, दुपारी २:१०

डावी सही चालवायची की अंगठा, हे पहिल्या दिवशी साडेदहालाच केंद्रसंचालकांना विचारा, आणि नऊही पेपरांना तेच करा. एक दिवस सही, एक दिवस अंगठा झालं की चौकशी लागते. परवानगीपत्राच्या तीन प्रती काढा: एक केंद्राला, एक शाळेत, एक तिच्या पाऊचमध्ये. वेगळ्या खोलीचं आदल्या दिवशीच बोलून ठेवा. त्या दिवशी सांगितलं तर व्हरांड्यात बसवतात आणि शेजारच्या वर्गाला ऐकू जातं.

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, दुपारी ३:३३

मुक्कामामुळे गाडी लागत नाही ना? म्हणजे तीन होकारांची गरज नाही.

प्रेषक: सचिव
गुरुवार, दुपारी ३:४०

तिसऱ्या भाषेच्या पेपरनंतर दोघींना घरी कसं सोडणार?

प्रेषक: घाटंजीहून सर
गुरुवार, रात्री ९:३० (भारतातली वेळ)

शाळेचे शिपाईभाऊ मोटरसायकलने. प्लास्टरवालीला मध्ये बसवायचं नाही, एकेकीला नेतील. कंपासपेटी लेखनिकाची वेगळी लागते काय?

प्रेषक: शिक्षण उपसमिती (ताई)
गुरुवार, संध्याकाळी ५:०५

हो, लेखनिकाची वेगळी, आणि सरावात वापरली तीच. कंपासचा स्क्रू घट्ट करून द्या. पेन्सिली दोन, टोक काढलेल्या.