भाच्याच्या पापणीला काडी लागली, सीटीत ‘थोडी हवा’

प्रेषक: चोपडेकर

नमस्कार मंडळी,

एरवी इथे गणपतीच्या वर्गणीचे मेल फिरतात, आज घरचं काम घेऊन आलोय. चोपड्याजवळच्या आमच्या गावी भाचा, वय साडेतीन, कपाशीच्या काड्यांच्या ढिगाशी खेळताना तोंडावर पडला. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला तांदळाच्या दाण्याएवढी जखम. गावातल्या डॉक्टरांनी धुऊन टाका घातला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पोरगं लगेच खेळायलाही लागलं. आता पापणी सुजून डोळा मिटलाय, ताप आहे, वर बघायला सांगितलं की रडतो. ताईने जळगावला आणलंय. सीटीच्या रिपोर्टात हाड ठीक, डोळ्याचा गोळा ठीक, डोळ्याच्या खोबणीत वरच्या बाजूला ‘थोडी हवा’ असं लिहिलंय. डॉक्टरवहिनी, जरा बघता का?

प्रेषक: यावलचे नाना

अरे, केळीच्या बागेत आम्हाला अशा किती काड्या लागल्या! बाळंतिणीचं दूध नाहीतर एरंडेलाचे दोन थेंब टाका, सूज उतरते. लेकराला स्कॅन कशाला?

प्रेषक: डॉक्टरवहिनी

नाना, रागावू नका, पण दूध नाही, एरंडेल नाही, मध नाही. डोळ्यात काहीही टाकायचं नाही.

भाऊ, मला खटकली ती ती ‘थोडी हवा’च. वाळक्या लाकडात पोकळ्या असतात, म्हणून सीटीत ते हवेसारखंच काळं दिसतं. खरी हवा वेडीवाकडी, बुडबुड्यांची असते आणि काही दिवसांत जिरते. ‘हवा’ सरळ रेघेत, नीट काठांची दिसली तर आधी लाकडाचाच संशय घ्यायचा. त्यात लाकूड आत राहून ओल धरतं, मग स्कॅनमध्ये आजूबाजूच्या मांसातून ते वेगळं काढणं आणखी कठीण. रेडिऑलॉजिस्टना स्वतः जाऊन सांगा की काडी लागली होती. पातळ काप, कोरोनल (समोरून) आणि सॅजायटल (बाजूने) दोन्ही, विंडो (चित्राची काळी-पांढरी छटा) बदलून पुन्हा बघा म्हणावं. चिठ्ठीवर नुसतं ‘डोळ्याला मार’ असेल तर त्यांना तरी कसं कळणार?

जखम लहान आहे यावर जाऊ नका. पापणीची कातडी सैल, भोक लगेच मिटतं. खोबणीचं छत म्हणजे पातळ हाड, लहान मुलांत तर फारच पातळ, आणि त्याच्या वर थेट मेंदूचा पुढचा भाग. पडताना काडी पापणीतून शिरून गोळ्याच्या वरून सरकते. नजर शाबूत राहते आणि सगळे निश्चिंत होतात. उलट्या, सुस्ती, झटका, जखमेतून पाण्यासारखं काही झिरपणं, यातलं काही असेल तर न्यूरोसर्जनना लगेच बोलवायला हवं.

दोन गोष्टी आत्ताच विचारा. तिथे कुंपणाची तार, खिळा असलं काही होतं का? धातूची शंका असेल तर एमआरआय करायचा नाही. नसेल तर लाकडासाठी तो उपयोगी. आणि ती काडी कुठे आहे? टोक मोडलंय का ते बघा.

प्रेषक: चोपडेकर

वहिनी, काडी सापडली. शेजारच्या पोराने पत्र्यावर फेकून दिली होती. भाऊजींनी फोटो पाठवला: टोक तिरकं मोडलंय, मोडल्या जागी आतलं पांढरं लाकूड दिसतंय आणि सालीची एक चिरफळी लोंबतेय. तो फोटो दाखवल्यावर रेडिऑलॉजिस्टनी विंडो बदलली. ‘हवा’ म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटरची सरळ रेघ, छताला टेकलेली. छत फुटलेलं नाही. धातू नाही याची खात्री करून एमआरआय केला, भोवती पू आहे. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, सकाळी ऑपरेशन. पहाटेपासून उपाशी ठेवायला सांगितलंय, ताईचा जीव कासावीस.

प्रेषक: धरणगावची सून

बापरे. आमची दोघं जूनमध्ये आजीकडे जाणार आहेत. काडी बाहेर दिसतच असेल तर हळूच ओढून काढावी का?

प्रेषक: डॉक्टरवहिनी

अजिबात नाही. कधीकधी रुतलेल्या वस्तूनेच रक्तवाहिनीचं भोक दाबून धरलेलं असतं. ओढली की रक्त सुटतं, शिवाय तुकडा मोडून आत राहतो. काडी हलू नये म्हणून कडेने कापडाच्या गुंडाळ्या लावा, पोराचे हात धरा. काही बाहेर दिसत नसेल तर कागदी पेला उलटा ठेवून कडा हाडावर टेकवा आणि चिकटपट्टी लावा, गोळ्यावर दाब येता कामा नये. चोळायचं नाही, धुवायचं नाही, खायला-प्यायला काही नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. 108 ला फोन. खोल गेलेली काच किंवा गुळगुळीत धातूचा कण त्रास देत नसेल तर सर्जन कधी तिथेच राहू देतात. लाकडाला ती सवलत नाही, त्यात जंतू आणि बुरशी दोन्ही येतात.

चोपडेकर भाऊ, निघालेला तुकडा आणि पू कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) जाऊ द्या, बुरशीचंही कल्चर मागा. तुकडा काडीच्या मोडल्या टोकाशी जुळवून बघायला सांगा. साल आत राहून जाते आणि महिन्यांनी पुन्हा पू धरतो. पापणी उचलणारा स्नायू तिथेच असतो. ऑपरेशननंतर पापणी लोंबून बाहुली झाकत असेल तर या वयात तो डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट वाढत नाही, म्हणून सूज उतरल्यावर दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासून घ्या. सीटी आणि एमआरआयच्या सीडी ताईजवळच असू द्या, नुसत्या रिपोर्टवर पुढचे डॉक्टर काही सांगू शकणार नाहीत.