मदत हवी आहे: १० गुंठ्यांच्या बागेचं एस्टिमेट आलंय, सूचना काय द्याव्यात?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीशेजारी १० गुंठ्यांचा उद्यानासाठी आरक्षित भूखंड आहे. पालिकेने कच्चं एस्टिमेट दाखवून रहिवाशांच्या सूचना पंधरा दिवसांत मागवल्यात. काम माझ्या गळ्यात पडलंय. (मी निवृत्त बँकवाला, आकडे कळतात, झाडं नाहीत.)

एस्टिमेटमध्ये कारंजं, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, ओपन जिम, सेल्फी पॉइंट आणि निम्म्या जागेत हिरवळ. झाडं शेवटच्या ओळीत, 'शोभिवंत रोपे' म्हणून. सगळा भांडवली, म्हणजे एकदाच उभारणीचा खर्च. माळी, पाणी, रखवालदार, झोपाळ्याची तुटलेली कडी, यांना एक रुपया नाही. ते म्हणे नंतर महसुली (दरवर्षीच्या चालू) खर्चातून बघू. दोन चौक पलीकडच्या बागेत हे 'नंतर' रोज दिसतं: कारंज्यात डास, गेटला कुलूप.

पाण्याचा हिशेब मी केला. १० गुंठे म्हणजे सुमारे १,०१० चौ. मी.; त्यातली ५०० चौ. मी. हिरवळ. उन्हाळ्यात रोज ५ मिमी पाणी धरलं तर २,५०० लिटर. म्हणजे १०,००० लिटरचा टँकर चार दिवसांत खलास. आणि आमच्याकडे एप्रिलपासून प्यायलाच टँकर लागतो!

हिरवळ छाटून कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण मागावेत असं मनात आहे. किती अंतरावर लावायचे? एक शेजारी मियावाकीच (छोट्या जागेत दाटीने लावलेलं देशी झाडांचं जंगल) हवं म्हणतात. सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी गटारात जातं, ते चालेल का? आणि देखभालीचे पैसे मागायचे कसे? पुण्यात २००६ पासून नागरिक पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात कामं सुचवतात, पण तिथेही लोक बाकडी आणि फुटपाथच मागतात म्हणे.

उत्तर १:
काका, देखभाल वेगळी मागू नका, अडकेल. त्याच निविदेत तीन वर्षांची देखभाल घालायला सांगा आणि बिल जगलेली झाडं मोजून. कडुनिंब-करंज ७-८ मीटरवर, बहावा-ताम्हण ४-५ वर. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी हवीच. दिल्लीत २०१३ साली हरित लवादाने तसा आदेशच दिला होता. मियावाकीत चौ. मी.ला तीन-चार रोपं असतात, आत पाऊल ठेवता येत नाही. रस्त्याकडेच्या पट्ट्यात लावा, मधे नको. एसटीपीचं पाणी ठिबकने द्या, फवाऱ्याने नको. आधी तपासणीचा अहवाल मागा. कारंजं मात्र बिनदिक्कत खोडा.

धागाकर्ता:
निविदेचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! कारंजं खोडलं. आता अडलंय ट्रॅकवर. मी मुरूम म्हणतो, ज्येष्ठ मंडळी 'पावसात चिखल होईल' म्हणून पेव्हरवर ठाम. मुरमाचा ट्रॅक दोन पावसाळे टिकलेला कुणी पाहिलाय का? खाली काय घातलं होतं?